वाया जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब

चीनने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, मॉलिब्डेनम आणि इंडियम या पाच मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. अमेरिकेने चिनी मालावर वाढीव जकात बसविली त्याच दिवशी ही घोषणा झाली. त्यामुळे दोन बड्या राष्ट्रांच्या व्यापारयुद्धातील आणखी एक चाल, एवढ्यापुरतीच तिची आपल्याकडे दखल घेतली गेली. पुढे एप्रिलमध्ये काही दुर्मिळ मृदा धातूंवर तशीच बंधने आली, मोटारींच्या कारखान्यांपुढे अडचणी दिसू लागल्या आणि साऱ्यांचे लक्ष तिकडे वळले. टेल्युरियम आणि बिस्मथ ही नावे मागे पडली. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाबाहेर ती सामान्य वाचकाला क्वचितच भेटतात, तेव्हा यात नवल काही नाही. परंतु या दोहोंच्या संयोगातून होणारा बिस्मथ टेल्युराइड हा पदार्थ उष्णतेचे थेट विजेत रूपांतर करतो. त्याच्या सुधारित प्रकारांवर गेली तीस वर्षे जगभर मोठे संशोधन चालू आहे आणि त्या संशोधनात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा लक्षणीय आहे. ज्या विद्येत आपण अग्रभागी आहोत, तिच्या कच्च्या मालासाठी आणि उद्या कदाचित तिच्या पक्क्या मालासाठीही आपण परावलंबी राहणार काय, असा हा प्रश्न आहे. त्याची चर्चा केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

जुना शोध, नवी उमेद

उष्णतेपासून वीज निर्माण करण्याची कल्पना नवी नाही. थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाला १८२१ साली बर्लिन येथे असे आढळले की, दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून एक सांधा तापविला आणि दुसरा थंड ठेवला, तर जवळ ठेवलेली चुंबकसूची हलते. हा चुंबकत्वाचाच प्रकार असावा असे सीबेकला वाटले. वस्तुतः त्या पट्ट्यांतून वीजप्रवाह वाहत होता. १८३४ साली पेल्तिए याने याच्या उलट परिणाम दाखवून दिला: वीज सोडली की एक सांधा थंड होतो. तथापि साध्या धातूंपासून मिळणारी वीज इतकी अल्प होती की, पुढील शंभर वर्षे या शोधाचा उपयोग मुख्यतः तापमान मोजण्यापुरताच राहिला.

अर्धवाहक पदार्थांचा अभ्यास वाढला तेव्हा चित्र पालटले. सोव्हिएत रशियात आब्राम योफे यांनी या विषयाचा शास्त्रीय पाया घातला. १९५० नंतरच्या दशकात तेथील वीज न पोहोचलेल्या खेड्यांत रॉकेलच्या दिव्याच्या काचेवर बसविलेल्या यंत्रावर रेडिओ चालत असत. इंग्लंडमध्ये १९५४ साली बिस्मथ टेल्युराइडचे गुण सिद्ध झाले. अमेरिकेने १९७७ साली सोडलेली व्हॉयेजर याने याच तत्त्वावर चालतात. प्लुटोनियमच्या किरणोत्सर्गातून निघणारी उष्णता सिलिकॉन-जर्मेनियमच्या तुकड्यांतून विजेत रूपांतरित होते. उड्डाणाच्या वेळी प्रत्येक यानाला सुमारे ४७० वॅट वीज मिळत असे. आता ती बरीच घटली आहे, परंतु सूर्यमालेच्या सीमेपलीकडे गेलेल्या या यानांशी पृथ्वीवरून जवळजवळ अर्धशतकानंतरही संपर्क होतो. ज्या यंत्रात हलणारा एकही भाग नाही, ज्याला तेलपाणी लागत नाही आणि जे पन्नास वर्षे दुरुस्तीवाचून चालते, त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मग हे यंत्र प्रत्येक कारखान्याच्या धुराड्यावर का दिसत नाही? कारण पदार्थाकडून आपण परस्परविरोधी गुणांची अपेक्षा करतो. वीज त्यातून सुलभपणे वाहिली पाहिजे, मात्र उष्णता वाहता कामा नये. उष्णता वाहिली की दोन्ही टोके सारखीच तापतात. तापमानातील फरक नाहीसा होतो आणि त्याबरोबर वीजही. दुर्दैवाने जे पदार्थ विजेचे चांगले वाहक असतात ते बहुधा उष्णतेचेही चांगले वाहक असतात. या गुणांचा एकत्रित हिशेब शास्त्रज्ञ झेडटी नावाच्या एका गुणांकाने मांडतात. १९५० नंतरच्या दशकापासून १९९० नंतरच्या दशकापर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, हा गुणांक एकच्या आसपास अडकून पडला होता.

सूक्ष्म कणांची किमया

ही कोंडी फोडण्याचा मार्ग १९९३ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील हिक्स आणि मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांनी दाखविला. पदार्थाची रचनाच नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या, मापात केली तर त्याचे गुण बदलतात, असे त्यांचे गणित सांगत होते. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, या रचनेचा मोठा फायदा उष्णता अडविण्यात आहे. घन पदार्थात उष्णता मुख्यतः अणूंच्या जाळीतील कंपनलहरींबरोबर प्रवास करते. या लहरींपैकी पुष्कळशा कोठेही न अडखळता लांबवर जातात. विजेचे वाहक असलेले इलेक्ट्रॉन मात्र फार थोड्या अंतरावर ठेचकाळत जातात. पदार्थ अतिसूक्ष्म कणांचा बनविला की कणाकणांच्या सीमांवर लांब पल्ल्याच्या लहरी अडतात. दर चार पावलांवर विसावणाऱ्या पांथस्थाला वेशीवरच्या नाक्याचा त्रास जाणवत नाही. मजल दरमजल धावणारी गाडी मात्र प्रत्येक नाक्यावर थांबविली तर तिचा वेग पार खुंटतो. तसाच हा प्रकार आहे.

असे पदार्थ करावयाचे कसे, यातच अर्थशास्त्राचा प्रवेश होतो. पहिली पद्धत सोनाराची म्हणता येईल. निर्वात पात्रात अणूंचे थर एकावर एक चढवीत जावयाचे. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रमा वेंकटसुब्रमण्यन आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली अमेरिकेत याच मार्गाने २.४ एवढा गुणांक मिळविला होता. परंतु अशा रीतीने केसाहून पातळ थर तयार होतो, त्याला वेळ फार लागतो आणि खर्चही. दुसरी पद्धत गिरणीची आहे. २००८ साली बोस्टन कॉलेज व मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था येथील शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणाऱ्या जातीचाच पदार्थ घेतला, तो पोलादी गोळ्यांच्या गिरणीत दळून त्याची अतिसूक्ष्म पूड केली आणि ती तापवून दाबाखाली पुन्हा घट्ट केली. एवढ्याने १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास गुणांक एकवरून १.४ वर गेला. पहिल्या पद्धतीपुढे हा आकडा लहान दिसतो. परंतु गिरणी आणि दाबयंत्र ही साधने धातुभुकटीच्या कोणत्याही कारखान्यास परिचित आहेत. माल टनांनी निघू शकेल अशी ही रीत होती आणि म्हणून अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते.

तिसरी पद्धत पदार्थ वितळवून थंड करताना त्याच्या पोटातच सूक्ष्म कण आपोआप निपजविण्याची आहे. २०१२ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मर्कुरी कनात्झिदिस यांच्या गटाने शिसे व टेल्युरियम यांच्या संयुगात अणूंपासून कणांपर्यंत सर्व पातळ्यांवर अडथळे उभे करून गुणांक २.२ पर्यंत नेला. या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते कनिष्क बिस्वास. ते पुढे भारतात परतले आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यांनी आपला गट उभा केला. या गटाने २०२१ साली चांदी, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या संयुगात थोडे कॅडमियम मिसळून अणूंची मांडणी नॅनो-पातळीवर अधिक सुसूत्र केली आणि सुमारे ३०० अंशांवर २.६ हा गुणांक गाठला. जगातील उत्तम निकालांत त्याची गणना होते आणि तो भारतातील प्रयोगशाळेत मिळाला, ही निश्चितच अभिमानाची बाब होय.

या प्रगतीला एक बोधप्रद उपकथाही आहे. २०१४ साली कथिल व सेलेनियम यांच्या एकसंध स्फटिकाने, कोणतीही कृत्रिम सूक्ष्मरचना नसताना, २.६ हा गुणांक दाखविला. त्याच पदार्थाच्या भुकटीपासून केलेले तुकडे मात्र वर्षानुवर्षे निराशा करीत राहिले. कणांच्या पृष्ठभागावर चढणारा टिन ऑक्साइडचा थर उष्णता वाहून नेत होता, हे उमजल्यावर २०२१ साली तो दूर करण्यात आला आणि गुणांक तीनच्या पुढे गेला. पदार्थ कोणता यापेक्षा तो किती शुद्ध आणि किती काळजीपूर्वक बनविला, यावर यश अवलंबून असते, असा याचा अर्थ. अशी काळजी ही मुळात कारखानदारीतील गुण आहे.

घटत्या फलाचा नियम

आता थोडे गणित करू. एखाद्या कारखान्यातील वायू २०० अंशांवर बाहेर पडतो आणि थंड बाजू ४० अंशांवर ठेवता येते असे मानू. निसर्गनियमानुसार या उष्णतेपैकी जास्तीत जास्त ३४ टक्क्यांचीच वीज होऊ शकते. कितीही आदर्श यंत्र केले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. गुणांक एक असलेला पदार्थ वापरल्यास सुमारे पावणेसात टक्के उष्णतेची वीज होईल. गुणांक दोन झाला तर सुमारे सव्वादहा टक्के आणि तीन झाला तर पावणेतेरा टक्के. म्हणजे गुणांक तिप्पट झाला, तरी वीज दुप्पटही होत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला घटत्या फलाचा नियम तो हाच. प्रत्यक्षात सांध्यांमधील रोध आणि उष्णतेची गळती यांमुळे हे आकडे आणखी खाली येतात. नव्या विक्रमी गुणांकाची बातमी वाचताना हा हिशेब मनात ठेवावा.

दुसरी गोष्ट उष्णतेच्या प्रतीची. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या केंद्रांत जळणाऱ्या कोळशातील ऊर्जेचा सुमारे एकतृतीयांश भाग विजेत उतरतो आणि उरलेला बहुतांश भाग थंड करण्याच्या पाण्याबरोबर जातो, हे ऐकले की ही सारी ऊर्जा पकडून का घेऊ नये असे वाटणे साहजिक आहे. परंतु ते पाणी जेमतेम ४५ अंशांचे असते आणि भोवतालची हवा ३० अंशांची. इतक्या अल्प फरकातून, गुणांक एक धरला तर, शंभर भाग उष्णतेमागे एक भागसुद्धा वीज मिळणार नाही. वाया जाणाऱ्या उष्णतेचे आकडे डोळे दिपविणारे असतात, पण त्यांपैकी मोठा भाग कनिष्ठ प्रतीचा आहे. ज्या ठिकाणी प्रत उच्च आहे, उदाहरणार्थ सिमेंटच्या भट्ट्या, तेथे वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनचा प्रतिस्पर्धी आधीच उभा आहे आणि मोठ्या प्रमाणावर तो स्वस्त पडतो. मोटारीच्या धुरातील उष्णतेपासून वीज काढण्याचे प्रयोग अमेरिकेत व युरोपात पुष्कळ झाले. परंतु किमतीचे गणित जुळले नाही, आणि आता तर मोटारीच विजेवर चालू लागल्या आहेत. आपल्याकडे सौरविजेच्या लिलावात डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत युनिटला दोन रुपयांहूनही कमी दर बोलला गेला. त्या दराशी उष्णताविजेने स्पर्धा करावी, ही अपेक्षाच चुकीची होय.

मग हे संशोधन व्यर्थ समजावयाचे काय? मुळीच नाही. त्याचे खरे क्षेत्र वेगळे आहे. जेथे थोडीच वीज हवी असते, पण ती खात्रीने हवी असते, आणि जेथे तार नेता येत नाही, घट बदलण्यास माणूस पाठविता येत नाही, तेथे हे यंत्र अनमोल ठरते. तेलवायूच्या दुर्गम नळमार्गांवरील उपकरणे, कारखान्यांतील तप्त नळ्यांवरचे तापमापक व दाबमापक, चुलीच्या उष्णतेवर छोटा पंखा फिरवून धूर कमी करणारी शेगडी, ही त्याची उदाहरणे. शिवाय हेच पदार्थ उलट दिशेने वापरले की थंडावा देतात. प्रकाशतंतूंतून संदेश धाडणाऱ्या लेसरचे तापमान त्यांनीच स्थिर राखले जाते. अवकाशाचा विचार केला, तर चांद्रयान-३ चा विक्रम हा अवतरक सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्रावरील रात्र सुरू होण्यापूर्वी निद्रिस्त झाला, तो पुन्हा जागा झाला नाही. चौदा दिवसांच्या त्या गोठविणाऱ्या रात्रीतून तगून राहावयाचे, तर सौरफलकांवर विसंबून भागणार नाही. व्हॉयेजरसारख्या उष्णताघटाची विद्या हाती असावी लागेल. ही बाजारपेठ लहान असली तरी मोक्याची आहे.

तांब्याच्या गाळातील धन

येथे आपण प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळतो. टेल्युरियम हे भूकवचात सोन्याप्रमाणेच विरळ आहे. त्याच्या स्वतंत्र खाणी जवळजवळ नाहीत. तांब्याचे विद्युत्-शुद्धीकरण करताना टाकीच्या तळाशी जो गाळ साचतो, त्यातून जगातील बहुतेक टेल्युरियम काढले जाते. जगात वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक तांबे शुद्ध होते. टेल्युरियमचे उत्पादन मात्र काही शे टनांचे आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक चीनमध्ये होते. बिस्मथचीही कथा अशीच, फक्त तेथे तांब्याऐवजी मुख्यतः शिसे आहे. अशा आनुषंगिक उत्पादनाचे अर्थशास्त्र वेगळे असते. उसाच्या मळीचा भाव चढला म्हणून कोणी जास्त ऊस लावीत नाही. ऊस साखरेसाठी लावला जातो. तद्वतच टेल्युरियमचा भाव दुप्पट झाला म्हणून कोणी तांब्याची नवी खाण खोदणार नाही. मागणी वाढली तरी पुरवठा फारसा वाढत नाही, मग भाव भडकतात आणि पुरवठा ज्याच्या हाती तो शिरजोर होतो. त्यात कॅडमियम टेल्युराइडचे सौरफलक करणाऱ्या कारखान्यांची मागणी भर घालते. असा एक मोठा कारखाना तमिळनाडूत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला आहे.

भारताची स्थिती या बाबतीत नाजूक आहे. तुतिकोरिन येथील तांबे शुद्धीकरणाचा कारखाना प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनानंतर मे २०१८ मध्ये बंद झाला. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तेरा जणांचा बळी गेला. देशाच्या तांबे शुद्धीकरणाच्या क्षमतेतील सुमारे ४० टक्के वाटा त्यामुळे नाहीसा झाला आणि शुद्ध तांब्याची निर्यात करणारा देश आयातदार बनला. हा कारखाना पुन्हा उघडावा असे येथे सुचवावयाचे नाही. माणसांचे आरोग्य हा खर्च ताळेबंदात न दाखविता पुढे ढकलता येत नाही, हाच त्या प्रकरणाचा धडा आहे. परंतु कच्छमध्ये नवा कारखाना आता उभा राहिला आहे, गुजरातेतच दहेजला जुना चालू आहे. तेथील गाळातून सोने-चांदी काढणे फायद्याचे असते, म्हणून ते काढले जाते. टेल्युरियमचा प्रत्येक किलो काढून घेणे कारखानदाराच्या हिशेबात किरकोळ, परंतु राष्ट्राच्या हिशेबात महत्त्वाचे आहे. खाजगी लाभ आणि सामाजिक लाभ यांत जेथे असे अंतर पडते, तेथेच शासनाने पाऊल टाकावयाचे असते.

केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये तीस महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली. तीत टेल्युरियम, बिस्मथ, सेलेनियम, अँटिमनी, कथिल ही सर्व आहेत. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपये खर्चाच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानास मंजुरी मिळाली. ही पावले योग्य दिशेची आहेत. परंतु अभियानाचा सारा भर लिथियम आणि दुर्मिळ मृदा धातूंच्या शोधावर राहिला आणि तळाचा गाळ तळाशीच राहिला, असे होऊ नये.

निबंध आणि कारखाना

याहून कठीण प्रश्न पुढचा आहे. पदार्थ सापडणे आणि वस्तू बनणे यांत फार मोठे अंतर असते. सूक्ष्म कण वर्षानुवर्षे उष्णतेत राहिले की हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि त्यांचा गुण ओसरतो. हे कसे रोखावयाचे? पदार्थ आणि त्याला जोडलेला धातू कमी-अधिक प्रसरण पावून सांधा तडकतो. तो कसा टिकवावयाचा? शिसे आणि कॅडमियम यांसारखी विषारी द्रव्ये टाळून मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक अशा विपुल द्रव्यांकडे कसे वळावयाचे? या प्रश्नांची उत्तरे शोधणे मोलाचे असले, तरी त्यांवर गाजणारे शोधनिबंध लिहिता येत नाहीत. आपल्या विद्यापीठांत पदोन्नती निबंधांच्या संख्येवर अवलंबून असल्यामुळे विद्यार्थी नवनव्या संयुगांचे गुणांक मोजत राहतात आणि टिकाऊपणाची दहा हजार तासांची कंटाळवाणी चाचणी घेण्यास कोणी धजत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थांच्या पातळ थरांवरील संशोधनाची जुनी परंपरा आहे. इचलकरंजी, पिंपरी-चिंचवड येथे कुशल यंत्रकारागीर आहेत. या दोन जगांची गाठ मात्र क्वचितच पडते.

देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नापैकी संशोधनावर होणारा खर्च २०२०-२१ साली ०.६४ टक्का होता आणि त्यातील खाजगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी होता. जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधन व नवनिर्मितीसाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीची योजना मंजूर केली. या रकमेतील अल्पसा अंश जरी उष्णताविजेच्या घटकांचा एक पथदर्शी कारखाना, एक स्वतंत्र चाचणी केंद्र आणि गाळातून मूलद्रव्ये काढण्याची व्यवस्था यांवर खर्च झाला, तरी तो सत्कारणी लागेल. त्याबरोबर खात्रीचा ग्राहकही हवा. रेल्वे, तेलवायू महामंडळे, संरक्षण दल आणि अवकाश संशोधन संस्था यांनी ठरावीक काळ देशी घटक विकत घेण्याची हमी दिली, तर उद्योजक पुढे येतील. परंतु ही हमी मुदतबंद असावी आणि दर्जाच्या अटीला बांधलेली असावी; अन्यथा संरक्षणाच्या सावलीत वाढलेल्या अनेक उद्योगांप्रमाणे हाही एक खुरटलेला उद्योग होऊन बसेल.

सौरघटांच्या बाबतीत आपला अनुभव ताजा आहे. त्या विद्येचे जाणकार आपल्याकडे होते, सूर्यप्रकाश होता, मागणी होती; तरीही वर्षानुवर्षे घट बव्हंशी चीनमधून आले, कारण कच्च्या मालापासून पक्क्या मालापर्यंतची साखळी त्या देशाने धीराने उभी केली होती. उष्णताविजेची बाजारपेठ अजून लहान आहे, तिचे धनी अद्याप ठरलेले नाहीत. लहान बाजारपेठेत शिरण्यास भांडवल कमी लागते आणि चुका स्वस्तात होतात. बंगळुरूच्या प्रयोगशाळेतील विक्रमाचे कौतुक अवश्य करावे. परंतु त्या विक्रमाचा वॅटमागे रुपयांत हिशेब मांडणारी माणसे, तो घट दहा वर्षे तापवून पाहणारी माणसे आणि तांब्याचा गाळ गाळून घेणारी माणसे आपण तयार करतो की नाही, यावर पुढचा निर्णय अवलंबून आहे. ती तयार झाली नाहीत, तर आपल्याच निबंधांच्या आधारे परदेशात बनलेली वस्तू आपण परकीय चलन मोजून विकत घेऊ.